अंतराळयानात आणि स्पेससूटमध्ये कसली हवा असते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या मराठी शाळांत आणि वाचनालयांत अंतराळावर बोलायला गेलं की रॉकेटबद्दल एखाददुसरा प्रश्न येतो, बाकी सगळे श्वासाबद्दल. २०२५च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हापासून तर जास्तच. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम विचारणाऱ्यांचा आहे, पाठ्यपुस्तकाचा नाही. पुढची बहुतेक उत्तरं एकाच गोष्टीवर उभी आहेत, ती आधीच सांगून ठेवतो: शरीराला ऑक्सिजनचा टक्का कळत नाही, दाब कळतो.

अंतराळवीर शुद्ध ऑक्सिजनवरच जगतात ना?

आजच्या यानांत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात साधारण १०१ किलोपास्कल दाबाची हवा असते. त्यात २१ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. मिरामारच्या किनाऱ्यावर फिरताना आपण घेतो तीच, फक्त खारा वारा वजा. १९८४मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकावर राहिले तिथेही अशीच हवा होती, कारण रशियनांनी वोस्तोक या पहिल्या यानापासून हाच मार्ग धरला.

शुद्ध ऑक्सिजन असतो तो स्पेससूट घालून बाहेर पडल्यावर. आणि मर्क्युरी, जेमिनी, अपोलो या जुन्या अमेरिकी यानांत तो आतसुद्धा असायचा. त्यामुळे हा समज चुकीचा म्हणता येणार नाही, जुना झाला आहे एवढंच.

टक्का नाही, दाब; म्हणजे नेमकं काय?

एव्हरेस्टच्या माथ्यावरही हवेत २१ टक्केच ऑक्सिजन असतो. तरी तिथे माणूस धापा टाकतो, कारण एकूण हवेचाच दाब सुमारे ३४ किलोपास्कलवर आलेला असतो. त्यातला ऑक्सिजनचा वाटा सातच किलोपास्कल. समुद्रसपाटीला हा वाटा २१ किलोपास्कल असतो. एखाद्या वायूच्या या वाट्याला आंशिक दाब म्हणतात. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलला जातो तो याच दाबाने.

आता गंमत बघा. चंद्राकडे जाणाऱ्या अपोलो यानातला दाबही ३४ किलोपास्कलच होता, म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्याइतका. पण ती सगळीच्या सगळी हवा ऑक्सिजनची. त्यामुळे आतल्या माणसांना धाप लागण्याचा प्रश्नच नव्हता. उलट घरी मिळतो त्याहून जास्त ऑक्सिजन त्यांना मिळत होता.

किलोपास्कल परका वाटत असेल तर पेट्रोल पंपावरचा पीएसआय घ्या. समुद्रसपाटीची हवा १४.७ पीएसआय, अपोलोतली ५. फक्त टायरचा मीटर बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त ते दाखवतो, आणि इथले आकडे शून्यापासून मोजलेले आहेत.

दाबोळीहून दिल्लीला जाताना आपणही थोडं डोंगरावर चढलेलो असतो. प्रवासी विमानाच्या आतली हवा सुमारे २४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ होऊ दिली जाते. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही.

मग अमेरिकेने शुद्ध ऑक्सिजन का निवडला?

वजनासाठी. आतला दाब पाच पीएसआयच ठेवायचा तर यानाच्या भिंती पातळ चालतात. वायू एकच, म्हणून टाकी एकाच प्रकारची, नळ्या एकाच प्रकारच्या आणि मिश्रण बिघडण्याची भीती नाही. दोन वायू ठेवले की त्यांचं प्रमाण सतत मोजत बसावं लागतं. नायट्रोजन नकळत वाढला तर आतल्या माणसाला काहीच जाणवत नाही, तो सरळ बेशुद्ध पडतो. साठच्या दशकातले मोजमापाचे संवेदक बघता त्या काळच्या अभियंत्यांचा हिशोब अगदीच वेडगळ नव्हता.

हिशोब चुकला तो जमिनीवर.

अपोलो-१मध्ये काय झालं?

२७ जानेवारी १९६७. केप केनेडीच्या तळावर यान रॉकेटवर चढवलेलं, पण रॉकेटमध्ये इंधन नाही. उड्डाणाची नुसती तालीम. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी आत बसलेले. अंतराळात आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, तसाच तो इथेही हवा म्हणून यान शुद्ध ऑक्सिजनने १६.७ पीएसआयपर्यंत भरलं होतं. पाच पीएसआय ऑक्सिजनमध्ये वस्तू कशी जळते याची अभियंत्यांना कल्पना होती. पण त्याच्या तिपटीहून जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये नायलॉनच्या जाळ्या, वेल्क्रोच्या पट्ट्या आणि फोम यांचं काय होतं, याचा विचार गांभीर्याने झाला नव्हता. कुठेतरी वायरिंगमध्ये ठिणगी पडली. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि आगीने आतला दाब क्षणात इतका वाढवला की ते ओढून उघडणं कुणाच्याही ताकदीबाहेर होतं. तिघंही गेले.

चौकशीनंतर दार बाहेर उघडणारं झालं, आतलं जळाऊ सामान गेलं, आणि हवेची रीतही बदलली. तळावर असताना यानात ६० टक्के ऑक्सिजन आणि ४० टक्के नायट्रोजन. वर जाताना दाब उतरवत न्यायचा आणि अंतराळात पोचल्यावर हळूहळू सगळा ऑक्सिजन करायचा. अंतराळवीर मात्र सूटमध्ये सुरुवातीपासून शुद्ध ऑक्सिजनवरच. त्याचं कारण पुढे नायट्रोजनच्या प्रश्नात येईल.

मला यात जास्त अस्वस्थ करतं ते दुसरंच. याच्या सहा वर्षं आधी, २३ मार्च १९६१ला, सोव्हिएत संघात वालेंतिन बोंदारेन्को हा तरुण प्रशिक्षणार्थी ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेल्या बंद कोठीत भाजून गेला होता. अंग पुसलेला स्पिरिटचा कापूस तापलेल्या शेगडीवर पडला, एवढंच निमित्त. ही बातमी १९८६पर्यंत जगाला कळू दिली नाही. ती वेळेवर कळली असती तर अपोलो-१ टळलं असतं, असं छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. पण लपवण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

नायट्रोजन शरीराला लागत नाही, मग तो हवाच कशाला?

आगीसाठी. जळणाऱ्या वस्तूची बरीचशी उष्णता भोवतालचा नायट्रोजन तापवण्यात खर्च होते, त्यामुळे ज्वाळा मंदावते. ऑक्सिजनचा आंशिक दाब तोच ठेवून नायट्रोजन काढून टाकला तरी आग जास्त भडकते. शिवाय विरळ हवेत पंखे आणि यंत्रं थंड ठेवणं अवघड जातं. स्थानकावर तर महिनोन्‌महिने राहायचं असतं, प्रयोगांची तुलना जमिनीवरच्या प्रयोगांशी करायची असते. म्हणून घरचीच हवा बरी.

समुद्रसपाटीच्या दाबाचा शुद्ध ऑक्सिजन दिवसभर घेतला तर फुप्फुसांनाही इजा होते. ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला, हा कोविडच्या दिवसांत घट्ट झालेला समज इथे सोडून द्यावा लागतो.

दोन देशांच्या यानांत वेगळी हवा असेल तर एकमेकांकडे जाताना काय करतात?

माझा आवडता प्रश्न, आणि तो सहावीतल्या मुलीने विचारला होता.

जुलै १९७५मध्ये अपोलो आणि सोयूझ यानं अंतराळात जोडली गेली. राजकारण जुळलं होतं, हवा जुळत नव्हती. अपोलोत ३४ किलोपास्कल शुद्ध ऑक्सिजन. सोयूझमध्ये १०१ किलोपास्कल साधी हवा. मधलं दार नुसतं उघडलं असतं तर सोयूझमधून आलेल्या माणसाच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाले असते. म्हणून अमेरिकेने दोन्ही यानांच्या मध्ये बसणारी एक वेगळी खोलीच बांधली. दोघं तिथे जायचे, मागचं दार लावायचे, खोलीतला दाब आणि वायू पुढच्या यानाशी जुळवायचे आणि मगच पुढचं दार उघडायचे. ही वाट सोपी व्हावी म्हणून सोव्हिएत बाजूने सोयूझमधला दाब नेहमीच्या दोन तृतीयांशावर उतरवला होता. १७ जुलैला स्टॅफर्ड आणि लिओनोव्ह यांनी हात मिळवलेला फोटो जगभर छापून आला. त्या हस्तांदोलनामागे हवेचं एवढं गणित होतं, हे फोटोत दिसत नाही.

बाहेर पडण्याआधी तासन्‌तास ऑक्सिजन घेत बसतात ते कशाला?

ग्रँड आयलंडला स्कूबा करायला नेणारी मंडळी सांगतात की पाण्यातून झरकन वर येऊ नका आणि लगेच विमान पकडू नका. कारण तेच. दाबाखाली असताना शरीरात नायट्रोजन विरघळून बसतो. दाब एकदम उतरला की तो बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. उर्राकात घालायला सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तेच, फक्त इथे बाटली म्हणजे आपले सांधे, पाठीचा कणा, मेंदू. सांधे असह्य दुखतात, कधी अर्धांग होतं, कधी माणूस जातोही.

अमेरिकी स्पेससूटमधला दाब असतो ४.३ पीएसआय, म्हणजे ३० किलोपास्कलच्या जरा खाली. स्थानकावरच्या १०१वरून तिथे एका दमात उतरणं म्हणजे खोल बुडी मारून सुसाट वर येणं. म्हणून आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन शरीरातला नायट्रोजन धुऊन काढतात. सूटमध्ये नुसतं बसून हे करायचं तर चार तास लागतात. व्यायाम करत घेतला तर रक्ताभिसरण वाढून वेळ वाचतो. अमेरिकी स्पेस शटल यानांच्या काळात आणखी एक युक्ती होती: बाहेर पडण्याच्या आधी पूर्ण यानाचाच दाब १०.२ पीएसआयवर आणायचा, ऑक्सिजन २६.५ टक्क्यांवर न्यायचा. म्हणजे ऑक्सिजनचा आंशिक दाब जवळपास तोच राहतो, नायट्रोजन तेवढा कमी होतो.

रशियन ओरलान सूटचा दाब ४० किलोपास्कल असतो, त्यामुळे त्यांचं अर्ध्या तासाच्या आसपास भागतं. सप्टेंबर २०२४मधल्या पोलारिस डॉन मोहिमेत तर वेगळी हवाबंद खोलीच नव्हती, अख्खं यान हवा काढून रिकामं करायचं होतं. तिथे यानाचा दाब जवळपास दोन दिवस हळूहळू उतरवत नेला.

मग सूटमध्येही साधीच हवा पूर्ण दाबाने का भरत नाहीत? प्रश्नच मिटेल.

मिटणार नाही, दुसरा उभा राहील. बाहेर निर्वात असताना सूटमध्ये जितका दाब, तितका तो ताठर होतो. बोटं मिटायची म्हटली तरी प्रत्येक वेळी हातमोज्याशी झुंजावं लागतं. आजच्या ३० किलोपास्कललाही सहा-सात तासांच्या कामानंतर बोटं सुन्न होतात. काही अंतराळवीरांची नखं उपटून आली आहेत. पूर्ण दाबाला तर हाताचा उपयोगच राहणार नाही.

याची पहिली प्रचिती अलेक्सेई लिओनोव्ह यांना आली. १८ मार्च १९६५ला ते सुमारे बारा मिनिटं यानाबाहेर तरंगले. अंतराळात चालणारा पहिला माणूस. परत शिरताना सूट इतका फुगला होता की बोटं हातमोज्यांच्या टोकापासून सुटली होती आणि आत शिरता येईना. शेवटी त्यांनी झडप उघडून सूटमधला दाब उतरवला आणि डोकं पुढे घालून आत घुसले. नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा धोका पत्करून घेतलेला निर्णय होता तो.

आता उलट बाजू. ऑक्सिजन २१ किलोपास्कलच पुरतो तर सूटमध्ये ३० कशाला? कारण फुप्फुसात शिरल्यावर त्या ऑक्सिजनला जागा वाटून घ्यावी लागते. शरीराच्या उष्णतेने फुप्फुसात पाण्याची वाफ असते, तिचा दाब सुमारे ६.३ किलोपास्कल, कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ५.३. बाहेरचा दाब कितीही कमी करा, हे दोघं आपला वाटा सोडत नाहीत. २१मधून ते वजा केले तर हातात नऊच उरतात. समुद्रसपाटीला फुप्फुसात खोलवर १३च्या आसपास असतात. ३०मधून वजा केले तर १८ उरतात, काम करणाऱ्या माणसाला भरपूर.

ऑक्सिजन संपला तर गुदमरायला होतं का?

नाही, आणि हाच सगळ्यात मोठा धोका आहे. गुदमरल्याची भावना येते ती कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. तो साचत नसेल आणि नुसता ऑक्सिजन कमी होत गेला तर माणूस आनंदात असल्यासारखा दिसतो, बडबडतो आणि कोसळतो.

गोव्यात जहाजावर काम केलेलं माणूस जवळपास प्रत्येक वाड्यावर सापडतं. कुठल्याही जुन्या तारवट्याला विचारा. बंद टाकीत उतरण्यापूर्वी दोरीने ऑक्सिजनचा मीटर खाली सोडून आकडा बघतात, तो २०.९ टक्के आल्याशिवाय शिडीला पाय लावत नाहीत. रिकाम्या टाकीत विषारी काही नसलं तरी गंजणाऱ्या लोखंडाने आतला ऑक्सिजन खाल्लेला असतो. पहिला उतरलेला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. विहिरीत आणि सेप्टिक टँकमध्ये होणाऱ्या दुर्घटनांतही असेच एकामागून एक पडतात, मात्र सेप्टिक टँकमध्ये बऱ्याचदा विषारी वायूही असतो.

अंतराळ कार्यक्रमातही हे घडलं आहे, तेही जमिनीवर. १९ मार्च १९८१ला कोलंबिया शटलच्या पहिल्या उड्डाणाआधीच्या चाचणीत आग टाळण्यासाठी मागच्या भागात नायट्रोजन भरला होता. तो अजून आत आहे हे ठाऊक नसलेले तंत्रज्ञ शिरले आणि पडले. एक जण त्याच दिवशी गेला, दुसरा नंतर.

उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचं काय करतात?

एक माणूस दिवसाला ८४० ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन वापरतो आणि साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. बंद डब्यात ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी हा वायू घात करतो.

छोट्या मोहिमांत लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे लावतात. ते हा वायू शोषून घेतात आणि भरले की बदलावे लागतात. भूल देण्याच्या यंत्रात याच कामासाठी सोडा लाइम असतो. स्थानकावर एवढे डबे न्यायचे कुठून? तिथे झिओलाइट नावाचं सच्छिद्र खनिज वापरतात. ते वायू पकडतं, मग तापवून आणि निर्वाताला जोडून त्याच्याकडून तो सोडवून घेतात, आणि पुन्हा वापरतात. कोविडमध्ये घराघरांत आलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या आतही झिओलाइटच असतं, तिथे ते नायट्रोजन पकडतं.

अपोलो-१३ची गोष्ट इथलीच. एप्रिल १९७०मध्ये ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघांना चांद्रयानात आसरा घ्यावा लागला. ते दोघांसाठी, तेही थोड्या वेळासाठी बांधलेलं. ऑक्सिजन पुरेसा होता, पाणी आणि वीज काटकसरीने पुरवता आली असती. कार्बन डायऑक्साइड मात्र वाढत चालला. मुख्य यानातले डबे शिल्लक होते, पण ते चौकोनी आणि चांद्रयानातली खाच गोल. ह्यूस्टनच्या अभियंत्यांनी यानात जे सामान आहे तेवढंच टेबलावर मांडलं आणि प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, सूटची नळी आणि चिकटपट्टी यांतून जोडणी करून दाखवली. कृती रेडिओवरून एकेक पायरी वाचून सांगितली. काही वेळात आकडा खाली आला.

आजही स्थानकावर कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या साधारण दहापट असतो. काहींचं डोकं दुखतं. शिवाय वजनरहित अवस्थेत गरम उच्छ्वास आपोआप वर जात नाही, कारण तिथे वर आणि खाली असं काही नसतंच. पंखे बंद पडले तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास साचून राहतो. म्हणून स्थानकावर पंख्यांची घरघर कधी थांबत नाही.

ऑक्सिजन येतो कुठून?

पाण्यातून. विजेने पाण्याचे दोन भाग करायचे, ऑक्सिजन ठेवायचा. हायड्रोजन काही काळ बाहेर सोडून देत. नंतर त्याची गाठ कार्बन डायऑक्साइडशी घालून पुन्हा पाणी मिळवायची यंत्रणा आली. त्यातला मिथेन बाहेर जातो. पाणी म्हणजे घाम, उच्छ्वासातली वाफ आणि हो, लघवीसुद्धा. २०२३मध्ये नासाने ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचं जाहीर केलं. वर्गात या उत्तरावर शी-शी होतेच.

अडीअडचणीला रसायनाच्या कांड्या असतात. पेटवल्या की ऑक्सिजन देतात. २३ फेब्रुवारी १९९७ला मीर स्थानकावर अशीच एक कांडी बिनसली आणि आग लागली. स्वतःच ऑक्सिजन सोडणारी वस्तू विझवायची कशी? जवळपास संपू द्यावी लागली. धूर इतका की सगळे मास्क लावून होते.

झाडं लावून भागणार नाही?

अजून तरी नाही. स्थानकावर लेट्यूस आणि मिरच्या उगवल्या आहेत, पण खाण्यापुरत्या आणि मनाला बरं वाटण्यापुरत्या.

चवथीला तिथे समई लावता येईल का?

पेटेल, पण ओळखीची दिसणार नाही. गरम हवा वर चढत नसल्याने ज्योतीला शेंडा नसतो. ती निळसर, गोल आणि मंद होते आणि स्वतःच्याच धुराने गुदमरून विझू शकते. अर्थात कुणी लावू देणार नाही. आग लागलीच तर स्थानकावर पहिलं काम पंखे बंद करणं. हवा हलली नाही तर आगीला ऑक्सिजन पोचत नाही.

तिथेही आपल्यासारखी बुरशी धरते का?

जुलै महिन्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट थर बघितलेल्या माणसाचाच हा प्रश्न. हो, धरते. मीरच्या शेवटच्या वर्षांत पॅनेलच्या मागे पाण्याचे गोळे तरंगत होते आणि बुरशीने बस्तान बसवलं होतं. श्वास आणि घाम मिळून एक माणूस दिवसाला दोनेक लिटर पाणी हवेत सोडतो. ती वाफ थंड पृष्ठभागावर धरून, गोळा करून पिण्याच्या पाण्यात मिसळतात. फार कोरडं केलं तर डोळे चुरचुरतात आणि स्थिर वीज ठिणग्या टाकते, म्हणून मध्यम ओल राखतात.

वासाचं म्हणाल तर तळलेल्या बांगड्याचा घमघमाट तिथे परवडणारा नाही. खिडकी उघडायची सोय नाही. न्यायच्या वस्तू आधी जमिनीवर तपासतात, त्यांतून कोणते वायू सुटतात ते बघतात, आणि वर कोळशाच्या गाळण्या असतात. बाहेरून आलेल्या सूटला जळक्या धातूसारखा वास येतो, असं अनेक अंतराळवीरांनी सांगितलं आहे.

विरळ हवेत बोलता येतं का? चहा होतो का?

स्कायलॅब या अमेरिकी स्थानकात, १९७३-७४मध्ये, दाब अपोलोइतकाच होता, ऑक्सिजन सुमारे ७० टक्के आणि बाकी नायट्रोजन. आवाज दूर जात नसे, त्यामुळे माणसं ओरडून ओरडून घसा बसवून घेत. चहाचं म्हणाल तर त्या दाबाला पाणी ७२ अंशांना उकळतं. पत्ती उतरेल, पण आपल्याला पटेल असा कडक होणार नाही. शिवाय वजनरहित अवस्थेत उकळत्या पातेल्याचा विचारच सोडा.

हवा अचानक गेली तर रक्त उकळतं म्हणतात. खरं?

नसांतलं रक्त तसं उकळत नाही, कारण नसांच्या भिंती त्याला दाबून धरतात. पण साधारण १९ किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका उतरतो की ३७ अंशांचं पाणी उकळायला लागतं. उघड्यावरचं पाणी, म्हणजे जिभेवरची लाळ, डोळ्यांतला ओलावा, खरोखर उकळतं. डिसेंबर १९६६मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कोठीत जिम लेब्लांक यांच्या सूटची नळी निसटली. चौदाएक सेकंदांत ते बेशुद्ध झाले. लगेच हवा भरली, ते बचावले, आणि शेवटची आठवण म्हणून त्यांनी सांगितलं: जिभेवरची लाळ उकळत होती.

सोयूझ-११च्या तिघांच्या नशिबात ते नव्हतं. ३० जून १९७१ला परतताना, यानाचे भाग सुटे होताना बसलेल्या धक्क्याने, सुमारे १६८ किलोमीटर उंचीवर एक झडप उघडली. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह यांच्या अंगावर सूट नव्हते, कारण तिघांना बसवायचं तर सूटला जागाच नव्हती. यान ठरल्याप्रमाणे अलगद उतरलं. आत तिघंही मृत. त्यानंतर सोयूझमध्ये कित्येक वर्षं दोघंच जात, पण सूट घालून.

बारीक गळतीची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०१८मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयूझमध्ये दोन मिलिमीटरचं भोक सापडलं. आधी चिकटपट्टी, मग इपॉक्सी. स्थानकातली हवा इतकी असते की अशा भोकाने घाबरगुंडी उडत नाही.

गगनयानात कोणती हवा असेल?

पृथ्वीसारखी, असं इस्रोने सांगितलं आहे. दुहेरी भिंतीचं यान. आतली धातूची कोठी हवा धरून ठेवणारी, बाहेरचा भाग उष्णतेपासून वाचवणारा. तिघांना ४०० किलोमीटरवर तीन दिवसांपर्यंत ठेवायचं नियोजन आहे. एवढ्या मुदतीला झिओलाइटचा मोठा संसार थाटायची गरज नसते. २१ ऑक्टोबर २०२३च्या चाचणीत बंगालच्या उपसागरात उतरलेलं आणि नौदलाने उचललेलं यान टीव्हीवर दिसलं होतं, ते हवा न भरलेलं होतं. ती परीक्षा सुटकेच्या रॉकेटची आणि पॅराशूटची होती, श्वासाची नव्हे.

पुढे चंद्रावर राहायला गेले तर?

तिथे वारंवार बाहेर पडावं लागेल, आणि दर वेळी चार तास ऑक्सिजन घेत बसणं परवडणार नाही. म्हणून नासाने मधला आकडा काढला आहे: दाब ८.२ पीएसआय, ऑक्सिजन ३४ टक्के. नायट्रोजन कमी, म्हणून तयारी लवकर आटोपते. ऑक्सिजन जास्त, म्हणून प्रत्येक कापड, प्रत्येक प्लास्टिक त्या हवेत पुन्हा जाळून तपासावं लागतं. १९६७चा धडा तिथे कामाला येतो.

वर्गात दाखवता येईल असा काही प्रयोग?

आहे, आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सामानात होतो. सुई नसलेली २० मिलिलिटरची सिरिंज घ्या. चांगलं गरम पाणी, पण उकळतं नव्हे, सिरिंजच्या पाव भागाइतकं ओढून घ्या. टोक वर करून आतली हवा काढून टाका. रबराचा तुकडा टोकावर घट्ट दाबा, कारण बोट भाजू शकतं, आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी डोळ्यांदेखत उकळायला लागतं. सोडला की थांबतं. मग तेच थंड पाण्याने करून बघा. थोडेसे बुडबुडे तेव्हाही दिसतात, पण ते वाफेचे नसून पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. पाणी मोठ्यांनी ओतावं, ओढायचं काम मुलांना द्यावं.